तो शब्द सिस्टरला मिळाला

मिस्त्री,

तुम्ही गेल्याला आता पाच वर्षं होत आली, आणि मला अजून त्या सिस्टरचा हेवा वाटतो. दुःख झालं ते झालं, ते सरळ होतं, त्याला चार माणसांत तोंड दाखवता येतं. हे दुसरं तसं नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, काकीला तर नाहीच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लांबड लावू नगंस, काय त्ये सांग." पण मला लांबड लावल्याशिवाय सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्यावरून तुम्ही माझं एकदा काय केलंत तेही इथं येणारच आहे. तेव्हा ऐका.

मी तुमच्याकडे आलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी काही पोरगा नव्हतो. अकरावीत नापास होऊन, दोन ठिकाणी काम धरून आणि सोडून, लग्नाच्या वयाला आलेला बाप्या होतो. उद्यमनगरात तुमचं शेड, एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला पत्रा ठोकणारे. त्या आवाजात बोलणं म्हणजे घसा फुकट घालवणं, म्हणून तुमच्याकडे सगळं हातांवर चालायचं. अंगठा हवेत फिरवला की लेथ चालू कर. तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला की बंद कर. चिमटीत हवा धरली की माप घे. मी ती भाषा महिन्याभरात शिकलो आणि पुढं पुढं तर तुमची मान नुसती कुठल्या बाजूला वळली त्यावरून मला कळायचं. शेडमध्ये आणखी लोक येऊन गेले, पण तुमचे हात वाचावेत तर मीच, अशी माझी समजूत होती आणि ती बरोबर होती. ही बढाई नाही. बरोबर होतं ते बरोबर होतं.

आणि एक शब्द होता तुमचा. बुशच्या भोकात शाफ्टचा दांडा सोडला की तो कसा उतरतो ते तुम्ही बघायचात. धपकन पडला तर सैल. मध्ये अडकला तर घट्ट. आपल्याच वजनानं, कुणी धरून उतरवल्यासारखा खाली जाऊन थांबला, की तुम्ही एवढंच म्हणायचात, "बसलं." मान हलवायची नाही, हसायचं नाही. तुमच्या स्वतःच्या कामाला तुम्ही तो शब्द वापरायचात, आणि एकदा मलकापूरहून कुणी जुन्या कारागिराच्या हातचा शाफ्ट दुरुस्तीला आणला होता, त्याला वापरलात. मेलेल्या माणसाच्या कामाला. माझ्या कामाला कायम "चालंल."

पंपाचा तो शाफ्ट तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, मला आठवतो. मायक्रोमीटर लावून मी तो इकडून तिकडून, वर, मध्ये, खाली तपासला होता. कुठं केसभर फरक नव्हता. तुम्ही सोडलात, उतरला, थांबला. मी वाट बघत उभा. तुम्ही म्हणालात, "चालंल. बांधून ठेव." मी तेव्हा धीर करून विचारलं, "मिस्त्री, कमी काय हाय ह्यात?" तर म्हणालात, "कमी कायबी न्हाय. तू मापाकडं बघून केलंयस, बुशाकडं बघून न्हाय." आणि बिडी शिलगावून दारात जाऊन उभे राहिलात. मी ते वाक्य घरी नेलं. जुन्या बाजारातून इंग्रजी पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी फिटिंगचं सगळं शास्त्र वाचलं, आयटीआयच्या पोरांना जे येत नव्हतं ते मला यायला लागलं. गिऱ्हाइकांपुढं तुम्ही म्हणायचात, "ह्यो आमचा इंजिनेर हाय." ते कौतुक होतं की चिमटा, मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण तो शब्द काही आला नाही. मी पुढं स्वतःचं शेड टाकलं तरी आठवड्यातून एकदा काहीतरी जॉब हातात घेऊन तुमच्याकडे यायचो. तुम्हाला वाटायचं सल्ल्याला येतो. मी सल्ल्याला येत नव्हतो.

उचगावला तुमच्या घरी, काकीच्या स्वयंपाकघरात, तुमचा दम आधी मला दिसला. तुम्ही भाकरीचा घास मोडायचात आणि तोंडात घालण्याआधी थांबायचात. जरा श्वास गोळा करायचात, मग घास. काकी चुलीकडं तोंड करून बसायची, म्हणजे तुम्हाला वाटावं की तिनं बघितलं नाही. "आमटी वाढू का?" असं तिनं विचारलं की तुम्ही हातानंच नको म्हणायचात, कारण बोलायला लागणारा वाराही तुम्हाला पुरवून वापरायचा होता. बिड्या आणि शेजारच्या फौंड्रीची धूळ, डॉक्टरांनी पुढं दोन्हींची नावं घेतली. मी म्हटलं होतं, चला दाखवून येऊ. तुम्ही म्हणालात, "जुनं मशीन हाय, आवाज करणारच."

मग तो दिवस आला, रिक्षा, शाहूपुरीतलं हॉस्पिटल, आणि दुपारपर्यंत तुमच्या तोंडात नळी. आयसीयूच्या काचेच्या दारावरचा माणूस मला विचारतोय, "पेशंटचं कोण तुम्ही?" तुम्हाला मूलबाळ नाही. मी म्हणतोय, "मुलगाच समजा." तो म्हणतोय, "समजा म्हंजे? हाय का न्हाय?" काकी मागून म्हणाली, "हाय, सोड त्याला." तिचं ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. आत गेलो. तुमच्याकडं बघवेना म्हणून मी श्वासाच्या मशीनकडं बघितलं, आणि खरं सांगतो मिस्त्री, मला जरा आधार वाटला. हवा कुठून येते, दाब कुठं मोजतात, झडप कधी उघडते, हे मला बघता बघता समजायला लागलं. दुसऱ्या भेटीपर्यंत मी त्यावरचे आकडे वाचत होतो. तिसऱ्या भेटीला मी तुमच्या उशाशी उभा राहून तुम्हाला समजावून सांगत होतो, की आत्ता मशीन सगळा श्वास देतंय, उद्या थोडा तुमच्यावर सोडतील, ही रेघ वर गेली म्हणजे तुम्ही स्वतः ओढला. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्हाला यंत्राची माहिती नको असं कधी झालं होतं?

तिथंच ती सिस्टर होती. मलकापूरच्या पलीकडच्या गावची, अंगानं आडवी, आवाज असा की आयसीयूत कुणी झोपू नये. ती तुमच्याशी अखंड बोलायची. यष्टीत तिला जागा कशी मिळाली नाही, तिच्या सासूनं डाळीत मीठ दोनदा कसं घातलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मुलगी बघायला आली तेव्हा त्यानं कंगवा कसा मागितला. मला तो नुसता गलका वाटायचा. मी तिला एकदा म्हटलं, "सिस्टर, त्यांना विश्रांती हवी असेल." ती म्हणाली, "इश्रांती औषध देतंय की. मी करमणूक देत्ये." बोलता बोलता तिचे हात चाललेले. ओल्या कापडानं तुमचं तोंड आतून पुसणं, ओठांना व्हॅसलीन, पाठीखालची उशी काढून कुशीला, टाचेखाली कापसाची गादी. तुम्ही पहिल्या दिवशी नळी ओढून काढायला बघितलंत म्हणून तुमचे हात पट्टीनं खाटेला बांधले होते. ते तिनंच सोडवून घेतले. डॉक्टरांना म्हणाली, "सर, तोंडात नळी, हात बांधल्यालं, मग मानसानं बोलायचं कशानं?" आणि तुमच्याकडं वळून, "अप्पा, नळीला हात लावायचा न्हाय. लावलासा तर माझी नोकरी जाईल आनि मी तुमच्या घरी जेवायला येईन रोज." तुम्ही डोळे मिटून हो म्हणालात.

अप्पा. आम्ही कुणी तुम्हाला मिस्त्रीशिवाय काही म्हणायचं धाडस केलं नाही. ती दुसऱ्याच दिवशी अप्पा म्हणायला लागली.

हात सुटल्यावर तुम्ही पहिल्यांदा खूण केलीत ती मी तिथं असताना. मी मशीनच्या दाबाबद्दल बोलत होतो. तुम्ही उजवा तळहात पालथा केलात आणि चादरीवर दोनदा खाली दाबलात. बंद कर. इतकी वर्षं ज्या खुणेवर माझा हात आपोआप स्विचकडं गेला होता, तीच खूण. तुम्ही मशीन बंद करायला सांगत होता. तुम्ही परत केलीत, जरा जोरात. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, यांची भाषा मला समजते, चौदा वर्षं समजते, ते म्हणताहेत मशीन बंद करा. काकीनं ते ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर गंभीर झाले, आत आले, सगळे तुमच्या खाटेभोवती. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली, मिस्त्री, मला एक समाधानही होतं. तुमचं शेवटचं म्हणणं तुम्ही माझ्याशी बोलला होता, माझ्याच भाषेत.

सिस्टर म्हणाली, "थांबा की वो जरा. त्यास्नीच विचारूया." तुमच्या तोंडाजवळ वाकून म्हणाली, "अप्पा, व्हय आसंल तर डोळं एकदा मिटा, न्हाय आसंल तर दोनदा. ह्ये मशीन बंद करायचं म्हनतासा?" तुम्ही दोनदा मिटलेत. "मग पंखा?" दोनदा. "त्यो शेजारचा भोंगा वाजतोय त्यो?" दोनदा. मग तिनं माझ्याकडं बघितलं, परत तुमच्याकडं बघितलं, आणि विचारलं, "ह्या पावण्यांची बडबड बंद करायची?"

तुम्ही डोळे एकदा मिटलेत. नीट, सावकाश.

काकी रडता रडता हसायला लागली. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. नळी असूनही तुमचे खांदे हलत होते, आणि मशीन त्या हसण्याला खोकला समजून ओरडायला लागलं. मीही हसलो, हसायलाच लागतं. सिस्टर म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नका पावणं, मला बी घरात असंच म्हनत्यात." पण वाईट वाटलं. तुम्ही मला गप बसायला सांगितलंत याचं नाही, ते तुम्ही नेहमी सांगायचात. तुमचा हात मला वाचता आला नाही आणि तिला आला, तोही खूण माहीत नसताना, नुसतं विचारून. मला विचारायचं सुचलंच नव्हतं. येत असलेली भाषा माणूस विचारत बसत नाही.

त्यानंतर मी गप बसायला लागलो, आणि तिची कामं करायला मागायला लागलो. तिनं कापड कसं पिळायचं दाखवलं. मी पाणी किती, कापड किती, कुठून सुरुवात, सगळं ठरवून तुमच्या ओठांवरून फिरवत होतो. तुम्ही तोंड वळवलंत. ती बघत होती. म्हणाली, "पावणं, बेरिंगला ग्रीस न्हाय भरायचं. त्यांच्या तोंडाकडं बघा, कापडाकडं काय बघतासा?" तिला ते बुशाचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिला ते कसं सापडलं याचा मी फार विचार केला. तिला सापडलं नव्हतंच, तिच्या बोलण्यात ते आपोआप आलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

मशीनवरून तुम्हाला सोडवायचे प्रयत्न फसत गेले. थोडा श्वास तुमच्यावर सोडला की तुमचा घाम, तुमचे डोळे, आणि परत सगळं मशीनवर. मग डॉक्टरांनी काकीला आणि मला त्यांच्या छोट्या खोलीत बसवलं. दार लावून घेतलं, फोन बाजूला ठेवला, ते मला आवडलं. म्हणाले, फुप्फुसं आता परत उभी राहायची नाहीत. तोंडातली नळी कायम ठेवता येत नाही. एक रस्ता असा, की गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची आणि मशीनवर ठेवायचं. किती दिवस, सांगता येत नाही, घरी जाता येईल असं वाटत नाही. दुसरा रस्ता, की तयारी करून नळी काढायची, तोंडावर मास्क लावायचा, आणि परत नळी घालायची नाही. दम लागला तर त्यावर औषध द्यायचं, दम लागल्याचं कळू नये इतकं. सोबत कुणी बसावं, खावंसं वाटलं तर चमचाभर खावं.

मी लगेच म्हटलं, भोक पाडा. म्हटलं, मशीन उत्तम आहे, मी बघितलंय, दाब नीट आहे, बिघाड काही नाही. डॉक्टर म्हणाले, "मशीन चांगलंच आहे हो. पण ते फुप्फुसाला दुरुस्त करत नाही, त्याच्या जागी काम करतं." मी वाद घातला. माझ्या वाचनात आलेली माणसं सांगितली, गळ्याच्या नळीवर वर्षं काढलेली. माझं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं, पण शास्त्र माझ्या तोंडी होतं आणि पोटात दुसरंच होतं. तुम्ही अजून मला काही बोलला नव्हता. तुमच्या तोंडातून तो शब्द यायला तुम्ही असायला हवे होतात, मग कसेही असा. काकीनं पदरानं नाक पुसलं आणि डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे नळी काढून आपुनच मारल्यागत न्हवं का त्ये?" डॉक्टर म्हणाले, "नाही मावशी. आजार नेणार आहे, नळी असली तरी आणि नसली तरी. जाताना त्यांचा जीव घाबरू द्यायचा नाही, तेवढं आपल्या हातात आहे."

औषधांचा ट्रे घेऊन सिस्टर दारात आली होती. तिच्याकडं बघून काकीनंच विचारलं, "बाई, तू सांग, काय करू?" ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मालक जागं हायत की. शुद्धीवरच्या मानसाला सोडून आपुन दुसऱ्या खोलीत काय बोलत बसलाव?"

डॉक्टरांनी तुम्हाला सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं त्याच शब्दांत, न लपवता. गळ्याच्या भोकाला तुम्ही दोनदा डोळे मिटलेत. परत विचारलं, परत दोनदा. भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा एकदा. ते मी पहिल्यांदा बघत होतो, तुम्हाला भीती वाटल्याचं. तुम्ही हात उचललात. मी पुढं झालो. तुम्ही माझ्या अंगावरून हात नेऊन सिस्टरचं मनगट धरलंत. माझ्या अंगावरून, मिस्त्री. ती म्हणाली, "न्हाय अप्पा, गुदमरू द्यायची न्हाय. मी हाय. माझी ड्यूटी संपली तर दुसरीला सांगून जाईन, पन सांगितल्याबिगर जायाची न्हाय."

सकाळी नळी काढली. काकीला तिनं आधीच उशाशी खुर्ची टाकून दिली होती. मास्क लावला, पण तो नाकाच्या वरून फुसफुसायला लागला, हवा तुमच्या डोळ्यांत जायला लागली. मला दिसत होतं पट्टा कुठं कमी पडतोय, पण मी तोंड उघडलं नाही. तिनं कापसाची चपटी वळी केली, नाकाच्या दांड्यावर ठेवली, पट्टा कानामागून काढून जरा खाली घेतला, एका हातानं मास्क धरून तुमच्या तोंडाकडं बघत राहिली. बोट सरकवलं, परत बघितलं. फुसफुस थांबली. तुमच्या कपाळावरची आठी गेली. आणि मास्कच्या आतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तुमचा आवाज आला. घोगरा, पण तुमचाच.

"बसलं."

ती माझ्याकडं वळली. "काय म्हनालं वो? कुनी बसायचं?" काकीला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी तिला सांगितलं, नीट सांगितलं. बुश काय, शाफ्ट काय, सैल म्हणजे काय, घट्ट म्हणजे काय, आणि हा शब्द मिस्त्री सहजासहजी कुणाला म्हणत नाहीत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? बसलंयच की. बघा, वारं जातंय का कुठनं?"

औषध अंगात भिनलं तसा तुमचा दम शांत झाला. मी समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचत होतो, ते खाली येत होते. तिनं येऊन तो पडदाच बंद केला. "आता त्यात काय बघायचं? औषध कधी वाढवायचं त्ये मला त्यांच्या कपाळावनं कळतंय." मग मला तुमच्याकडं बघण्यावाचून दुसरं काही उरलं नाही. तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस तुम्ही होतात. मास्क जरा बाजूला करून काकीनं तुम्हाला दोन चमचे चहा पाजला. तुम्ही तुटक तुटक बोललात, आणि बोललात ते तिच्याशी. मलकापूरला तुम्ही तरुणपणी लाकूड कापायच्या गिरणीत होतात, मोठ्या करवतीची पाती लावायचात. मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं मी तुमच्याजवळ जेवलो आणि मला हे माहीत नव्हतं. तिला ती गिरणी माहीत होती, तिच्या बापानं तिथं ओंडके उतरवले होते. "त्यो सायब लंगडत हुता त्योच का?" ती विचारतेय. तुम्ही म्हणताय, "लंगडा न्हवं. चप्पल मोठी घालायचा." दोघं हसताय. मी खाटेच्या पायथ्याशी उभा आहे आणि मला त्या चपलेचासुद्धा हेवा वाटतोय.

मला तुम्ही एकच बोललात. दुपारी, काकीचा डोळा लागला होता. मी पुढं सरकलो, वाटलं आता काही सांगाल. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "दम खा जरा गड्या." बस. दम नसलेल्या माणसानं असलेल्याला सांगितलं, दम खा. मी ते वाक्य खूप दिवस उलटसुलट करून बघितलं, त्यात काही सापडतंय का म्हणून. आता मला वाटतं त्यात काही लपलेलं नव्हतं. मी दमलेला दिसत होतो, तुम्ही तेवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या श्वासांमध्ये अंतर पडत गेलं. काकीनं हात धरला होता, सिस्टर केस मागं सारत होती, आणि एका श्वासानंतर पुढचा आलाच नाही. जीव घाबरला नाही. डॉक्टरांनी म्हटलं होतं तसंच झालं. मी कामातला माणूस आहे, काम नीट झालेलं मला ओळखता येतं.

गेल्या महिन्यात ती मला रंकाळ्यावर भेटली, बरोबर तिची नात होती. मी स्वतः ओळख दिली. लेथचे मिस्त्री, उचगावचे, मास्क, कापसाची वळी. तिनं डोकं खाजवलं. "लेथवालं... आसतील वो. लई मानसं जात्यात आमच्या हातनं, सगळी कुठली ध्यानात ऱ्हायाला?" मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला एक शब्द म्हटला होता. "काय?" मी सांगितला. तिला तो आठवला नाही. चांगलं वाटलं तिला, हसली, पण आठवला नाही. जो शब्द मला मिळाला असता तर मी शेडच्या दारावर रंगवून घेतला असता, तो तिनं ड्यूटीच्या गाऊनबरोबर धुवायला टाकला होता. मी त्या रात्री तिच्यावर फार चिडलो. आणि मग असं वाटलं, तिनं तो सांभाळून ठेवला असता तरी मी चिडलोच असतो.

तुम्ही तिचा हात का धरलात, हे मला समजतं. समजलं म्हणजे हेवा जातो असं लोक म्हणतात, माझा गेला नाही. हे लिहिलेलं काकीला वाचून दाखवणार नाही, तिला उगीच वाटेल की तिनं काही चुकीचं केलं. आणि पाठवायला तुमचा पत्ता नाही. पण एक गोष्ट राहिली. रंकाळ्यावर निघता निघता मी तिला विचारलं, तुमच्या नोकरीची अजून किती वर्षं आहेत? ती म्हणाली, "हायत की अजून. का वो?" अलीकडं भाकरीचा घास मोडल्यावर मलाही जरा थांबावं लागतं. ते मी तिला बोललो नाही. म्हटलं, "सहज विचारलं."

सहज नव्हतं, मिस्त्री.